सर्व्हायव्हल किट : अठरा वस्तूंतल्या कामाच्या किती?

ऑनलाइन बाजारात ‘सर्व्हायव्हल किट’ या नावाने जो काळा डबा मिळतो, त्यावरची नावं वेगवेगळी असली तरी आतला माल बहुतेक तोच असतो. काळ्या फोमला पाडलेल्या खाचा आणि त्यांत बसवलेल्या दहा ते अठरा वस्तू : तारेची करवत, चकमकीची कांडी, पॅराकॉर्डचं, म्हणजे पॅराशूटच्या बारीक नायलॉन दोरीचं मनगटातलं कडं, बटणाएवढं होकायंत्र, शिट्टी, घडीचा चाकू, एटीएम कार्डाच्या आकाराचं पोलादी हत्यार, ‘टॅक्टिकल’ पेन, बोटभर टॉर्च, चंदेरी ब्लँकेट, कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची झडपेची कडी. महागड्या डब्यात याशिवाय मासे धरायचे गळ, फासाची तार आणि सर्पदंशाचा पंप. डबा दिसायला झकास, वाढदिवसाला भेट द्यायला तर उत्तमच. पण तो सॅकमध्ये घालून सह्याद्रीत निघायचं असेल, तर एकेक वस्तू बाहेर काढून पाहायला हवी.

आपल्याकडच्या डोंगरात माणूस अडचणीत येतो त्याची कारणं ठरलेली आहेत. ढोरवाटेलाच पायवाट समजून कारवीच्या झुडपांत शिरणं, उन्हात पाणी संपणं, अंधार गाठणं, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, पाय मुरगळणं, पावसात भिजून वाऱ्यात बसावं लागणं, आग्या मोहोळ उठणं. गाव बहुतेक ठिकाणी काही तासांच्या चालीवर असतं आणि प्रश्न असतो तो एक रात्र काढण्याचा. डबा मात्र बनवलाय थंड प्रदेशातल्या मैलोन्‌मैल सूचिपर्णी जंगलासाठी, जिथे माणूस आठवडाभर एकटा राहील आणि ससे धरून खाईल. ही गफलत एकदा लक्षात आली की निम्मा डबा तिथेच रिकामा होतो.

सर्वांत वाईट वस्तूपासून सुरुवात करू : सर्पदंशाचा पंप. पिवळी पिचकारी, तीन-चार मापांच्या टोप्या, एक पातं आणि आवळायला दोरी. सापाचे विषदंत ऊतींत खोल विष सोडतात आणि ते लगेच पसरू लागतं. वरून ओढलं तर येतो फक्त रक्तमिश्रित द्रव. २००४मध्ये स्वयंसेवकांच्या पायात बनावट ‘विष’ टोचून असा पंप तपासला गेला, तेव्हा टोचलेल्यापैकी सुमारे ०.०४ टक्के बाहेर आलं. म्हणजे काहीच नाही. पंपाच्या ओढीने कातडीला इजा होते ती वेगळीच. पातं तर त्याहून घातक, कारण घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. अशा माणसाला चिरा द्यायच्या म्हणजे न थांबणारा रक्तस्राव आपल्या हाताने सुरू करायचा. घट्ट आवळलेल्या दोरीने पाय काळानिळा पडतो, आणि ती एकदम सोडली तर साठलेलं विष एकाच वेळी अंगभर जातं.

त्याऐवजी करायचं ते साधं आहे. अंगठी, पैंजण, घड्याळ, बूट सूज चढण्याआधी काढा. दोन काठ्या आणि क्रेप बँडेज वापरून तो हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा स्थिर बांधा. माणसाला चालवू नका, उचलून खाली आणा. १०८ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. साप ओळखण्यासाठी तो मारून नेण्याची गरज नाही. मण्याराचा दंश कधी कधी दुखतही नाही, तेव्हा ‘दुखत नाही, म्हणजे बिनविषारी’ हा हिशेब करू नका. पंपामुळे जाणारी पहिली वीस-पंचवीस मिनिटं हाच त्याचा खरा तोटा.

गळ आणि फासाची तार यांना ‘बिनकामाची’ म्हणणं म्हणजे सौम्यपणा झाला. एक रात्र उपाशी राहून कोणी मरत नाही आणि उन्हाळ्यातल्या कोरड्या ओढ्यात मासा नसतो, हे तर आहेच. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणं हीसुद्धा शिकारच आहे आणि ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत गळ, जाळी, फास, सापळे आणि चाकूही येतात. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई, भीमाशंकर ही सगळी अभयारण्याच्या हद्दीतली ठिकाणं. नाक्यावर सॅक तपासताना फळं कापायच्या सुरीकडे कोणी फारसं बघणार नाही. फासाच्या तारेचं वेटोळं निघालं तर काय सांगणार?

तारेची करवत हा खेळण्यातला प्रकार. दोन कड्यांत बोटं घालून ओढायची, तर मनगटाएवढी फांदी कापता कापता बोटांना वळ उठतात. हात जवळ आणून ओढले की तार फांदीभोवती तीव्र कोनात वळते, घर्षणाने तापते, तिला गाठ बसते आणि तिथेच ती तुटते. धनुष्यासारख्या वाकवलेल्या फांदीवर ताणून बांधली तर जरा टिकते. पण ओलं झाड तोडणं हा गुन्हा, आणि वाळलेली काटकी हाताने मोडते.

पोलादी कार्डावर डबा उघडायचा दात, पट्टी, स्क्रू ड्रायव्हर आणि सहा मापांचे पाने असतात. जंगलात नट-बोल्ट कुठे असतात हे बनवणाऱ्यालाच विचारायला हवं. टॅक्टिकल पेनचं टंगस्टनचं टोक गाडीची काच फोडायला असतं. ते गाडीतच ठेवा.

कॅराबिनरबद्दल मात्र गंभीरपणे बोलायला हवं. किटमधली कडी किल्ल्या अडकवायच्या लायकीची असते. खऱ्या कॅराबिनरच्या दांड्यावर किलोन्यूटन या बलाच्या एककात ताकद कोरलेली असते, लांबीच्या दिशेने साधारण २० किंवा जास्त, शिवाय आडव्या दिशेची आणि उघड्या गेटची (झडपेची) वेगळी, आणि सोबत ईएन (युरोपीय मानक) किंवा यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ) ही खूण. हे आकडे नसतील तर ती पाण्याची बाटली टांगायची कडी समजा. कातळटप्प्यावर दोर लावताना घाईत हीच कडी कोणाच्या तरी हाताला लागते, म्हणून ती सॅकमध्ये नसलेलीच बरी.

पॅराकॉर्डच्या कड्यात उलगडल्यावर अडीच-तीन मीटर दोरी निघते. अस्सल दोरी ५५० पौंडांची, म्हणजे सुमारे २५० किलो ताण सोसणारी. आत सात ते नऊ पिळाचे धागे. स्वस्त कड्याचं टोक कापून पाहिलं तर आत बऱ्याचदा नुसती कापसासारखी भरती असते. दोरी हवी असेल तर दहा मीटर सरळ विकत घ्या. वेणी उसवत बसायला अंधारात, ओल्या बोटांनी वेळ कोणाला आहे? आणि २५० किलोचा आकडा वाचून तिच्यावर माणूस उतरवायचा नाही. बारीक दोरी कातळाच्या धारेवर घासली की तो आकडा राहत नाही.

चकमकीची कांडी नीट चालते, तक्रार ती कुठे न्यायची याची आहे. आधी तिच्यावरचा काळा थर खरवडावा लागतो, हे पत्रकात नसतं; म्हणून पहिल्यांदा वापरणारा ‘खराब निघाली’ म्हणतो. ठिणगी क्षणात विझते, तिला झेलायला पिंजलेला कापूस किंवा तसंच काही भुसभुशीत लागतं. श्रावणात सह्याद्रीत असं कोरडं काही सापडत नाही, आणि फेब्रुवारीनंतर कमरेएवढ्या वाळल्या गवतात ठिणगी पाडणं म्हणजे वणव्याला आमंत्रण. दोन रुपयांची काडेपेटी किंवा साधा लायटर, त्यासोबत घट्ट झाकणाच्या डबीत कापराच्या आठ-दहा वड्या, एवढ्यावर काम भागतं. कापूर ओल्या लाकडाखालीही तग धरून जळतो. डबी सैल असेल तर महिनाभरात तो उडून जातो, एवढंच सांभाळायचं. सायकलच्या ट्यूबची बोटभर पट्टीही पावसात पेटते. धूर घाण येतो, पण पेटते.

होकायंत्र बटणाएवढं असेल तर सुई अडकते, फुगा येतो, आणि चाकू किंवा फोन शेजारी असला की उत्तर दिशा हवी तिकडे फिरते. आपल्या काळ्या कातळात लोहाचं चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे ते दगडावर ठेवून वाचणं तर मुळीच नको. शिवाय सोबत नकाशा नसेल तर उत्तर कळून करायचं काय? वाट दरीच्या कोणत्या अंगाला आहे, हे सुई सांगत नाही. नकाशा आधीच डाउनलोड केलेला फोन इथे सरस ठरतो, कारण जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही.

चंदेरी ब्लँकेटबद्दल मत दुभंगतं. पन्नास-साठ ग्रॅम वजनाला ते घ्यायला हरकत नाही, पण त्याच्याकडून अपेक्षा चुकीच्या असतात. ते अंगाची उष्णता परत फेकतं. खालच्या थंड कातळाकडे जाणारी उष्णता मात्र थांबवत नाही. डिसेंबरात गडमाथ्यावर त्यावर झोपलात तर पहाटे कुडकुडणारच. खाली सॅक, दोर, वाळलं गवत घाला आणि ब्लँकेट अंगाभोवती गुंडाळा. काटा लागून एक चीर पडली की ते वाऱ्यात टराटरा फाटत जातं, आणि आत घामाचं पाणी साचतं. पावसाळ्याआधी छपरावर टाकायला बाजारात जो प्लॅस्टिकचा निळा कागद मीटरवर मिळतो, त्याचा दोन बाय तीन मीटरचा तुकडा वजनाला जास्त, पण पाऊस, वारा आणि ओली जमीन तिन्हींना पुरून उरतो. जखमीला उचलायची झोळी त्याची करू नका, फाटेल.

टॉर्च एकाच सेलची, झूमवाली आणि हातात धरायची. उतरताना हात मोकळे हवेत, म्हणून हेड टॉर्च. दोनशे लुमेन पुरतात, खोक्यावरचे हजारांचे आकडे सोडून द्या. सॅकमध्ये ठेवताना एक सेल उलटा घाला, म्हणजे बटण दाबलं जाऊन टॉर्च आपोआप संपणार नाही.

क्लोरीनच्या गोळ्या डब्यात असल्याच तर चांगल्या, पण पाकीट वाचा. एक गोळी लिटरभर पाण्याला असते तशी वीस लिटरांनाही असते. गढूळ पाणी आधी फडक्याने गाळा, गोळी टाकून अर्धा तास थांबा. मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक गडांवरची टाकी तळाला जातात, तेव्हा गोळी असून पाणी नाही, अशी अवस्था. माणशी चार लिटर पाणी घरूनच न्या, सोबत ओआरएसची दोन पाकिटं. मोठं पाकीट नेमक्या एक लिटरसाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं केलं तर मीठ दुप्पट होतं आणि तहान भागत नाही.

त्या डब्याच्या पैशांत १० सेंटिमीटर रुंदीची दोन क्रेप बँडेज, एक मोठा चौकोनी पंचा, लायटर-कापूर, निळा कागद आणि हेड टॉर्च आरामात बसतात. दहा हजार एमएएचची पॉवर बँक वेगळी, आणि तिची केबल. केबल घरी राहिली तर ती पाव किलोची वीट. दरीत सिग्नल नसताना फोन तो शोधत राहतो आणि बॅटरी खातो. म्हणून फ्लाइट मोड, आणि नेटवर्क उंचवट्यावर आल्यावरच चालू. ११२ला किंवा गावातल्या माणसाला अक्षांश-रेखांशाचा एसएमएस पाठवा. बोलणं जुळत नाही अशा सिग्नलवरही तो कधी कधी जातो. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक निघण्यापूर्वी फोनमध्ये आणि कागदावरही.

राहिली शिट्टी. डब्यातली एकमेव वस्तू जिला पूर्ण गुण द्यावेत, फक्त ती पॅराकॉर्डच्या कड्याच्या बकलात कोरलेली नको. तसल्या शिट्टीचा आवाज धुक्यात पन्नास पावलं जात नाही. आत गोळी नसलेली, सपाट शिट्टी घ्या. मिनिटात सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. ती घेण्याआधी मात्र सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याचं बकल नीट पाहा. बऱ्याच सॅकना तिथे ती आधीच असते.