हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल?

दोन्हींचं मूळ एकच, ग्रीक 'हिस्टोरिया', म्हणजे चौकशी, शोध. लॅटिनमधून ही जोडी इंग्रजीत आली आणि अर्थाची वाटणी झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी घेतलेली धम्मदीक्षा 'हिस्टॉरिक', कारण तिनं लाखोंच्या आयुष्याची दिशा बदलली. भोसलेकालीन हिशेबाचा एखादा पिवळा पडलेला कागद मात्र 'हिस्टॉरिकल'. गतकाळाशी नातं असलं की पुरे, मोठेपणाची अट नाही. १८१७ ची इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातली सीताबर्डीची लढाई दोन्हींत बसते. आपण मराठीत सरसकट 'ऐतिहासिक' म्हणून मोकळे होतो, म्हणून इंग्रजीत घोळ होतो. नागपूरच्या महाल भागातल्या प्रत्येक पडक्या वाड्याला 'हिस्टॉरिक' म्हणणाऱ्यांना आवरा बाप्पा! 'इकॉनॉमिक' (अर्थव्यवस्थेशी संबंधित) आणि 'इकॉनॉमिकल' (काटकसरीचं) यांचं दुखणं याच जातीचं.