ॲस्टरिस्क व्हीएममध्ये टाकताय? ब्रिज की नॅट ते आधी ठरवा

ॲस्टरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स (ऑफिसचे फोन चालवणारं एक्स्चेंज सॉफ्टवेअर) व्हीएममध्ये, म्हणजे होस्ट मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये टाकताना रॅम किती, कोअर किती यावर सगळे डोकं लावतात, नेटवर्क मात्र डिफॉल्ट येईल तेच ठेवतात आणि मग विचारत बसतात की फोन लागतो, बेल वाजते, समोरचा उचलतो पण आवाज एकाच बाजूने येतोय. ऑफिसचे फोन त्याच लॅनवर असतील आणि सर्व्हरला वायर लावता येत असेल तर डोळे झाकून ब्रिज (व्हीएम थेट लॅनला जोडणं) घ्या, हे माझं ठाम मत आहे. नॅट (व्हीएम होस्टच्या पत्त्यामागे ठेवणं) वाईट नाही, पण ते कुठे घ्यायचं हे कळायला आधी आवाज जातो कसा ते बघावं लागेल.

कॉलमध्ये दोन वेगळे प्रवाह असतात. बेल, उचलणं, ठेवणं हे सगळं सिपवर, साधारण ५०६० पोर्टवर, आणि आवाज आरटीपीवर, ज्यासाठी ॲस्टरिस्कच्या नमुना कॉन्फिगमध्ये १०००० ते २०००० ही यूडीपी रेंज दिलेली असते. आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता सिपच्या मेसेजच्या आत एसडीपी नावाच्या भागात लिहिलेला असतो. लिबव्हर्टच्या (लिनक्सवर व्हीएम सांभाळणारं साधन) डिफॉल्ट नेटवर्कमध्ये व्हीएमला १९२.१६८.१२२ वाला पत्ता मिळतो आणि बाहेर जाताना नॅट होतं, पण नॅट बदलतं पाकिटावरचा पत्ता, आतल्या एसडीपीत मात्र १९२.१६८.१२२.५० तसंच राहतं. टेबलावरचा फोन बिचारा त्या पत्त्यावर आवाज पाठवत राहतो आणि तो पत्ता त्याच्या नेटवर्कवर नाहीच. म्हणून फोनवाल्याला आयव्हीआर (सर्व्हरचा रेकॉर्ड केलेला मेनू) नीट ऐकू येतं, त्याचं बोलणं सर्व्हरपर्यंत पोचत नाही.

नॅट ठेवूनही हे जमतं. होस्टवरून ५०६० आणि अख्खी आरटीपी रेंज व्हीएमकडे फॉरवर्ड करायची, पीजेसिपच्या (ॲस्टरिस्कचा सिप सांभाळणारा भाग) ट्रान्सपोर्ट सेटिंगमध्ये एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस आणि एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस लिहायचे, लोकल नेटमध्ये फक्त व्हीएमचं नेटवर्क टाकायचं (ऑफिसची लॅन तिथे टाकली तर त्या फोनसाठी पत्ता बदललाच जाणार नाही). पण खरी अडचण पुढे आहे. ट्रान्सपोर्टमध्ये बाहेरचा पत्ता एकच लिहिता येतो, आणि तुमच्या लॅनवरच्या फोनला हवा असतो होस्टचा पत्ता, बाहेरच्या सिप प्रोव्हायडरला हवा असतो राउटरचा पब्लिक पत्ता. मग दोन ट्रान्सपोर्ट करा, पोर्ट वेगळे ठेवा, कोणता एंडपॉइंट (फोन किंवा प्रोव्हायडर) कुठे ते सांभाळा... होतं सगळं, पण सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला ते बघावं लागलं तर तो वैतागणार हे नक्की.

ब्रिजमध्ये व्हीएमला सरळ लॅनचाच पत्ता मिळतो, त्यामुळे एसडीपीत लिहिलेलं खरं असतं. मात्र राउटरचं नॅट कुठे जात नाही, प्रोव्हायडरसाठी पब्लिक पत्ता आणि लोकल नेटमध्ये तुमची लॅन हे लिहावंच लागतं, ब्रिज केला म्हणजे सुटलो असं समजू नका. राउटरमधलं सिप एएलजी (सिपमधले पत्ते स्वतःहून बदलणारी सोय) पण बंद करा, मदत करायला जातं आणि पत्ते बिघडवून ठेवतं.

ब्रिज करायला फार काही नाही, ब्रिज बनवायचा, नेटवर्क कार्ड त्यात टाकायचं, आणि आयपी कार्डावरून काढून ब्रिजवर द्यायचा. हे एसएसएचवरून करू नका, मधेच कनेक्शन तुटेल, स्क्रीन-कीबोर्ड लावूनच करा. ब्रिजवर एसटीपी (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पोर्ट सुरू व्हायला १५ अधिक १५ असे ३० सेकंद जातात, एकच कार्ड असेल तर एसटीपी बंद ठेवलं तरी चालतं. वायफायवर मात्र साधा ब्रिज चालत नाही, कारण ॲक्सेस पॉइंट त्याच्याशी जोडलेल्या मॅक पत्त्याशिवाय दुसऱ्याची पाकिटं घेत नाही, म्हणजे लॅपटॉपवर नुसतं शिकायचं असेल तर नॅटच बरं.

अजून एक जागा जिथे माणसं तासन्‌तास अडकतात, त्याच होस्टवर डॉकर (प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असणं. डॉकर आला की ब्रिजमधून जाणारी पाकिटं पण आयपीटेबल्समधून (लिनक्सचा फायरवॉल) जायला लागू शकतात आणि फॉरवर्डची पॉलिसी 'ड्रॉप', म्हणजे पाकिटं टाकून देण्याची होते, मग ब्रिज बरोबर असूनही व्हीएमला नेट मिळत नाही. आणि ॲस्टरिस्कच डॉकरमध्ये टाकणार असाल तर हजारो पोर्ट पब्लिश करत बसू नका, डिफॉल्ट सेटिंगमध्ये प्रत्येक पोर्टला वेगळी प्रॉक्सी प्रोसेस उभी राहते आणि मेमरी खाते. सरळ होस्ट नेटवर्क वापरा. मॅकव्हीलॅन (कंटेनरला लॅनवर स्वतःचा मॅक पत्ता देणारं नेटवर्क) पण चालतं, फक्त त्यात होस्टला स्वतःच्या कंटेनरशी थेट बोलता येत नाही.

आता आवाज तपासायचा कसा? दोन्हीकडे पद्धत एकच, पण ब्रिजमध्ये उत्तर लवकर सापडतं. ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर आरटीपी सेट डिबग ऑन करा आणि इको टेस्टला (आपलंच बोलणं परत ऐकवणारा नंबर) फोन लावा. पाठवलेल्या आणि आलेल्या पाकिटांच्या ओळी धडाधड यायला लागतील, जी७११ कोडेक (आवाज डेटात बदलण्याची पद्धत) आणि २० मिलिसेकंदाचं पाकीट असेल तर प्रत्येक दिशेला सेकंदाला ५०. नुसत्याच पाठवलेल्या दिसल्या तर फोनचा आवाज वाटेत अडकलाय, मग होस्टवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं साधन) आधी ब्रिजवर आणि मग व्हीएमच्या व्हीनेट इंटरफेसवर (व्हीएमला ब्रिजशी जोडणारं आभासी कार्ड) लावा. ब्रिजवर दिसतंय आणि व्हीनेटवर नाही तर होस्टचा फायरवॉल, दोन्हीकडे दिसतंय तर व्हीएमच्या आतला. दोन्ही दिशा चालू असून शांतता असेल तर नेटवर्क सोडा, हँडसेटचा माइक आणि कोडेक बघा. सर्व्हरशी आवाज नीट आणि दोन फोन आपसात बोलले की गायब, असं असेल तर डायरेक्ट मीडिया (आवाज सर्व्हर वगळून थेट फोन ते फोन जाणं) नो करून बघा. आणि आवाज छान येतोय पण कॉल साधारण ३२ सेकंदांनी आपोआप कटतोय, तर भानगड आवाजाची नाही, कॉल उचलल्यावरचा एसीके (पोचपावतीचा) मेसेज पोचत नाहीये, म्हणजे सिपमधला कॉन्टॅक्टचा पत्ता चुकलाय, तो तपासा.