कॅलिबर: आईच्या फोनवर पुस्तकं टाकताना

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला मोठ्या अक्षरांत वाचायचं होतं, म्हणून तिच्या अँड्रॉइड फोनवर ईपब (ई-पुस्तकांचा एक फाइल प्रकार) पुस्तकं टाकायला बसले. लॅपटॉपवर कॅलिबर हे ई-पुस्तकं सांभाळायचं सॉफ्टवेअर उघडलं, केबल जोडली. फोन चार्ज होतोय, पण कॅलिबरला दिसतच नाही. अर्ध्या तासाने लक्षात आलं, केबलच नुसती चार्जिंगची होती, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच. दुसरी केबल लावली, फोन अनलॉक केला, वरची सूचना खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं, आणि कॅलिबरच्या वरच्या पट्टीत डिव्हाइसचं चित्र उमटलं. केवढं हायसं वाटलं!

कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आजही फुकट आहे. मोबी या ई-पुस्तकांच्या दुसऱ्या फाइल प्रकाराचं ईपब अगदी छान करून देतं. मराठी पीडीएफ मात्र यातून बदलायला जाऊ नका. जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली असेल तर भलतीच चिन्हं येतात. युनिकोड असली तरी वेलांट्या आणि जोडाक्षरं बऱ्याचदा विस्कटतात. ती पीडीएफ म्हणूनच वाचावी.

आईची अकरा पुस्तकं फोनवर गेली. चष्मा न लावता वाचते आता.