बॅटरी एक नंबर, आतला सेल थापाड्या (४ महिने वापरून लिहितोय)

आधीच सांगतो, आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात, विजेरी फक्त पुस्तकात. त्यामुळं खाली बॅटरी म्हणजे हातात धरायची ती आणि सेल म्हणजे आत घालायचा तो, नाहीतर वाचताना घोळ होईल.

उसाला पाणी पाजायची लाईट आम्हाला बऱ्याचदा रात्रीची येते. दोन वाजता मोटर चालू करायला बांधावरनं जायचं, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात काठी, आणि पायाखाली काय हाय ते देवाला ठाऊक. म्हणून कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानातनं ६५० रुपयांना ही बॅटरी घेतली. ॲल्युमिनियमची बॉडी, पुढं ओढली की झोत बारीक होतो, मागं ढकलली की पसरतो, सोबत एक चार्जिंगचा सेल आणि भिंतीला लावायचा चार्जर. दुकानाचं नाव लिहीत नाही, पुढं सगळं वाचल्यावर का ते कळेल.

बॅटरीबद्दल तक्रार जवळजवळ नाही. उजेड लई लांब जातो, पार ओढ्यापलीकडचं चिंचेचं झाड दिसतंय. जुलैच्या पावसात पाटात पडली होती, झाकणाला रबरी रिंग हाय त्यामुळं आत टिपूस गेला नाही. तो लुकलुकणारा मोड कुणासाठी दिलाय कळत नाही, बटण दाबताना दरवेळी मध्ये येतो आणि म्हस बिथरते.

आता सेल. त्यावर छापलंय ९९०० एमएएच, म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचा आकडा. मी पण खूश, म्हटलं आठवडाभर चालतोय. फुल उजेडावर चाळीस मिनिटांत पिवळा पडला. पुढच्या रविवारी हुपरीला मेव्हण्याकडं गेलो होतो, त्याचं चांदीचं काम हाय, सहज त्याच्या काट्यावर सेल ठेवला तर २९ ग्रॅम. तो म्हणतोय, "दाजी, ह्यात माल हाय का नुसता पत्रा?" आणि माणूस बरोबर बोलला. ह्या लिथियम सेलला १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. ह्या मापाचा चांगल्या कंपनीचा सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो आणि त्यात साधारण साडेतीन हजार, फार तर चार हजार एमएएच मावतं. त्यामुळं ९९०० लिहिलेलं दिसलं की तिथंच ओळखायचं, वजन करायची पण गरज नाही.

इथपर्यंत नुसतं फसवलं म्हणून गप्प बसलो असतो, पण चार्जरचा लाल दिवा हिरवा व्हायचाच नाही. एका रात्री चार तास झाले तरी लालच, सेलला हात लावला तर चहाच्या कपासारखा गरम. उद्यमनगरात एक मित्र ई-बाईकचे पॅक दुरुस्त करतो, त्याच्याकडं दोन्ही घेऊन गेलो. त्यानं मल्टिमीटर लावला, सेलवर ४.३४ व्होल्ट. हे सेल ४.२ ला भरले की चार्जरनं आपोआप थांबायला पाहिजे, हा थांबतच नव्हता, नुसता ढोसत होता. त्यानं मला जी शिवी दिली ती इथं लिहिता येत नाही. म्हणाला, भावा, बॅटरीची नळी धातूची, वरनं रबरी रिंग लावून घट्ट बंद, आतला सेल बिघडून गॅस सुटला तर बाहेर पडायला वाट कुठाय, सुतळी बॉम्ब हातात घेऊन फिरतोयस तू.

त्याच्याच सांगण्यावरनं दुसऱ्या दुकानातनं ४५० चा प्रोटेक्शनवाला सेल आणि ५५० चा चार्जर घेतला. म्हणजे बॅटरीपेक्षा आतलं महाग, घरात बोलणी खाल्ली. प्रोटेक्शन म्हणजे सेलच्या बुडाला एक बारीक सर्किट असतं, जास्त भरलं, फार उतरलं किंवा शॉर्ट झालं की ते तोडतं. त्यामुळं असला सेल चार-पाच मिलिमीटर लांब असतो, काही बॅटऱ्यांत झाकण लागत नाही, जाताना बॅटरी सोबत न्या आणि तिथंच घालून बघा. तिथं लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधले सेल काढून नवीन प्लास्टिक चढवलेले पण मिळत होते, शंभरला एक. घेतले नाहीत. त्यातनं तुमची बॅटरी दोन सेलची असेल तर एक नवा एक जुना असलं तर अजिबात करू नका, जुना आधी संपतो आणि नवा त्याच्यातनं करंट ढकलतच राहतो, त्यात जुन्याचं प्लस-मायनस उलटं होऊ शकतं.

माझ्या स्वतःच्या चुका पण सांगतो. सुटा सेल खिशात टाकून फिरायचो, त्याच खिशात चाव्या आणि चुन्याची पत्र्याची डबी. सेलची अख्खी बॉडी म्हणजे मायनस, प्लस फक्त वरचं टोपण, मधे नुसतं पातळ प्लास्टिक, ते वरच्या कडेला फाटलं आणि चावी आडवी लागली की खेळ खल्लास. आता वीस रुपयांची प्लास्टिकची डबी घेतली. चार्जिंग आधी गोठ्यात व्हायचं, कडब्याशेजारी! आता सोप्यात फरशीवर, आम्ही जागं असतानाच. उजेड मंद झाला की अजून थोडं म्हणून ताणत नाही, अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल परत चार्ज करणं धोक्याचं. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवत नाही.

अजून एक, पुतण्यानं आबांच्या पेन्सिल सेलच्या छोट्या बॅटरीत १४५०० नावाचा लिथियम सेल बसवला, माप सेम टू सेम त्यामुळं बसला पण. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, हा ३.७ चा. दोन सेकंद सूर्य उगवला आणि एलईडी गेली.

जुना सेल आणि चार्जर पहिल्या दुकानदाराच्या टेबलावर ठेवला, आकडा दाखवला, तर म्हणतोय वरनंच असं छापून येतंय. पैसे दिले नाहीत, दोन साधे सेल देऊन वाटेला लावलं.

बॅटरीला चार स्टार, सोबतच्या सेल-चार्जरला शून्य. पाचवा स्टार आबांनी कापलाय. त्यांचं म्हणणं, उजेड लई पांढराफेक हाय, त्यात घोणस आणि वाळका पाला एकसारखाच दिसतोय. काठी अजून सोडलेली नाही त्यांनी.