जर्मनीचं ब्ल्यू कार्ड बरेच महिने वापरल्यावर: कार्ड उत्तम, तारीख त्रासदायक

माझ्या ब्ल्यू कार्डाच्या, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांना जर्मनीत मिळणाऱ्या राहण्या-नोकरीच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत दिलाय, कागद सगळे जोडलेत, तरी परदेशी नागरिक कार्यालयाकडून एका ओळीचंही उत्तर नाही. कार्डावरची तारीख मात्र जवळ येतेय. लिहायचं निमित्त तेच. ब्ल्यू कार्ड कुणाला मिळतं वगैरे प्राथमिक माहिती सगळ्यांनाच असते, ती इथे उगाळत नाही. कार्ड म्हणून ही चीज चांगलीच आहे, ते पुढे सांगतेच. पण त्यावर छापलेली मुदतीची तारीख इतकी डोक्याला ताप देते की आधी तिच्याबद्दल.

कायद्याप्रमाणे कार्ड जास्तीत जास्त 4 वर्षांचं. नोकरीचा करार त्याहून छोटा असेल तर कराराची मुदत अधिक 3 महिने. एवढं वाचून लोक निर्धास्त होतात, कारण बहुतेकांचा करार बेमुदत असतो. प्रत्यक्षात तिसरी मर्यादा पासपोर्टची असते. पासपोर्ट जिथे संपतो तिथे कार्डही संपतं, मग करार बेमुदत असो नाहीतर पगार कितीही असो. पासपोर्टात अकरा महिने उरले असतील तर कार्ड अकरा महिन्यांचं, शुल्क मात्र पूर्ण 100 युरो. त्यानंतर मुदतवाढीचे 93 युरो वेगळे आणि भेटीची वेळ मिळवण्याची खटपट पुन्हा पहिल्यापासून. भारतीय पासपोर्ट संपायला वर्ष राहिलं की नवा काढता येतो. पुण्या-मुंबईत साध्या प्रक्रियेने 36 पानांच्या पासपोर्टला 1500 रुपये, 60 पानांच्याला 2000, आणि तत्काळ हवा असेल तर त्यावर 2000. म्हणजे सगळ्यात महागडा पर्याय धरला तरी एका मुदतवाढीच्या शुल्काच्या निम्म्यात काम होतं, आणि हाती दहा वर्षांचा पासपोर्ट येतो. हे काम व्हिसाच्या अर्जाआधी करा. व्हिसा जुन्या पासपोर्टात चिकटला की दोन्ही पासपोर्ट जोडीने बाळगावे लागतात.

जर्मनीत आल्यावर पासपोर्ट बदलला तर कार्डावर जुनाच क्रमांक राहतो. नव्या क्रमांकाचं कार्ड 67 युरोत मिळतं, पण मुदत तीच राहते. आधीचं कार्ड पासपोर्टमुळेच तोकडं मिळालं असेल तर अर्जात स्पष्ट शब्दांत मुदतवाढ मागा आणि 93 युरो भरा. नाहीतर 67 भरून काही महिन्यांत पुन्हा 93 भरायची वेळ येते. कार्यालय आपणहून हे सुचवेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता पदवी, म्हणजे ती जर्मन पदवीच्या तोडीची आहे हे दाखवणं. इथे माझं मत मधल्या काळात बदललं. झेडएबी या जर्मन संस्थेकडून पदवीचं तुलना-प्रमाणपत्र घ्यायला 208 युरो लागतात, आणि सुरुवातीला मी प्रत्येकाला सांगत असे की हा खर्च टाळा, अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन ऑनलाइन यादीतल्या फुकट नोंदी पुरतात. ज्यांची नोंद स्वच्छ आहे त्यांना आजही तेच सांगेन. अनाबिनमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी तपासायच्या असतात. एक, विद्यापीठासमोर 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का. दोन, तुमच्या नेमक्या पदवीसमोर 'एन्टश्प्रिश्ट' (जुळते) किंवा 'ग्लाइशवेर्टिग' (समकक्ष) असा शेरा आहे का. कॉलेजचं नाव शोधत बसू नका. पदवी प्रमाणपत्रावर जे विद्यापीठ छापलंय ते शोधा. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्यामुळे जुन्या पदवीवाल्यांनी दोन्ही नावांनी बघावं. बी.ई. आणि बी.टेक. या वेगळ्या नोंदी आहेत, एकीचं पान दुसरीला जोडून चालत नाही. दोन्ही नोंदींची पानं छापून अर्जाला जोडा.

मत बदललं ते अशा लोकांमुळे, ज्यांची पदवी यादीत नेमकी सापडत नाही. वेगळ्या नावाची विशेष शाखा, नवं खासगी विद्यापीठ, किंवा विद्यापीठ आहे पण त्या पदवीची नोंदच नाही. त्यांनी अनाबिनची अर्धवट पानं जोडली की दूतावासाकडून शंका येते, फाईल थांबते, आणि शेवटी झेडएबीकडे जावंच लागतं. हे प्रमाणपत्र एकदा काढलं की नोकरी बदलली, शहर बदललं तरी चालतं. तेव्हा यादीत जराही संदिग्धता दिसली तर 208 युरो आधीच भरून टाका. त्यासाठी विद्यापीठाचं अंतिम पदवी प्रमाणपत्र लागतं. दीक्षान्त समारंभाचा अर्जच न भरता वर्षानुवर्षं तात्पुरत्या प्रमाणपत्रावर काढलेले लोक आपल्याकडे खूप आहेत. ते काम निघायच्या आधी उरका, जर्मनीत बसून विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा पाठपुरावा फार जड जातो.

नावाचा घोळही इथेच निस्तरा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टात वडिलांचं नाव दिलेल्या नावातच मिसळलेलं असेल तर जर्मन कागदांवर ते तुमचं दुसरं नाव म्हणून कायम येतं. करार, बँक, विमा, घरभाडे या सगळीकडे पासपोर्टात आहे तसंच्या तसं नाव लिहा, एखादा शब्द गाळू नका. पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा.

पगाराबद्दल थोडक्यात. 2024 मध्ये वर्षाला 45,300 युरोची अट होती, 2025 मध्ये 48,300 झाली, 2026 साठी 50,700 आहे. तुटवड्याच्या व्यवसायांना आणि नुकत्याच पदवी मिळालेल्यांना 2026 मध्ये 45,934.20 पुरतात, पण कमी अटीत अर्ज केला की रोजगार संस्थेची संमती लागते आणि वेळ वाढतो. आकडा दर जानेवारीत बदलतो, कारण तो निवृत्तिवेतन विम्याच्या कमाल मर्यादेच्या 50 टक्के असा बांधलेला आहे, कमी अटीसाठी 45.3 टक्के. करारात हमी दिलेलीच रक्कम धरतात. कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस आणि कंपनीचे शेअर हिशेबात येत नाहीत. काठावरचा पगार स्वीकारू नका. नूतनीकरणाच्या वर्षी त्या वर्षाचा आकडा लागतो आणि तिथे शंभर युरो कमी पडले तरी अडकायला होतं.

अर्जात सगळ्यात जास्त चुका कंपनीने भरायच्या फॉर्ममध्ये सापडतात. आठवड्याचे तास, मासिक ढोबळ पगार आणि पदाचं नाव, हे तीन करारातल्या शब्दांशी तंतोतंत जुळलं पाहिजे. करारात 40 तास आणि फॉर्ममध्ये 38.5 असं झालं की फाईल परत. कंपनीने सही करण्याआधी मसुदा मागवा आणि स्वतः ताडून पाहा. घाई असेल तर कंपनी 411 युरो भरून जलद प्रक्रियेत घालू शकते, तो अर्ज जर्मनीतल्या कार्यालयात कंपनीनेच करायचा असतो. व्हिसाचं स्वतःचं शुल्क 75 युरो.

जर्मनीत पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. भाडेकरार दाखवून भागत नाही. हॉटेल किंवा काही आठवड्यांचं तात्पुरतं घर घेताना हा दाखला मिळणार का, ते पैसे भरण्याआधी विचारा. टपालपेटीवर स्वतःचं नाव चिकटवा. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर हे विसरूच नका, कारण कर क्रमांक, कार्डाचा पिन, कार्यालयाची पत्रं सगळं टपालानेच येतं आणि पेटीवर नाव नसेल तर परत जातं. कर क्रमांक कंपनीला वेळेत मिळाला नाही तर पहिल्या पगारातून सहाव्या वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात चढ्या, दराने कर कापला जाऊ शकतो. पैसे नंतर परत मिळतात, पण घराची अनामत भरायच्या महिन्यात ते हातात नसतात. फोटोबाबत नवा नियम लक्षात ठेवा: 2025 पासून कागदी फोटो घेत नाहीत, डिजिटलच लागतो. ज्या कार्यालयात यंत्र आहे तिथे तो 6 युरोत निघतो. भारतातून फोटोंचा गठ्ठा आणण्यात अर्थ नाही.

भेटीची वेळ मागायला व्हिसा संपायची वाट पाहू नका. पत्ता नोंदवला त्याच दिवशी अर्ज टाका. कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात तयार होतं आणि भेटीनंतर साधारण 4 ते 6 आठवड्यांत येतं, पण त्या भेटीपर्यंत पोचायलाच मोठ्या शहरांत महिने जातात.

म्हणूनच मधल्या काळाचा तात्पुरता दाखला महत्त्वाचा ठरतो. मुदत संपण्याआधी अर्ज दिला की निवास कायद्याच्या कलम 81, उपकलम 4 प्रमाणे जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालूच आहे असं मानलं जातं, नोकरी करण्याच्या हक्कासकट. हा परिणाम कायद्यानेच होतो, दाखला फक्त पुरावा असतो. एक दिवस उशीर झाला तर मात्र हे संरक्षण आपोआप मिळत नाही. म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यावर येणारी पोचपावती तारखेसकट जपून ठेवा आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागालाही पाठवा, नाहीतर कार्डाची तारीख उलटली की ते काम थांबवायला सांगतात.

दाखल्याचे 13 युरो वाचवावेत असं सुरुवातीला कुणालाही वाटेल. भारतात जायचं नसेल तर वाचवा. जायचं असेल तर ते 13 युरो या सगळ्या खर्चातले सगळ्यात मोलाचे. दाखला हातात येताच, कार्यालयातून बाहेर पडायच्या आधी, तिसरं पान उघडा. तिथे तीन चौकोन आहेत. तिसऱ्या चौकोनात खूण असेल तरच बाहेर जाऊन परत येता येतं, आणि तेही मुदत संपलेलं कार्ड किंवा व्हिसा सोबत असेल तर. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकोनात खूण असेल तर निर्णय होईपर्यंत तुम्हाला जर्मनीत थांबता येतं, पण बाहेर पडलात तर परत यायला नवा व्हिसा लागेल. कामाचा राष्ट्रीय व्हिसा किंवा कार्ड असताना मुदतीत अर्ज केलेल्याला तिसराच चौकोन मिळायला हवा. तसं नसेल तर तिथल्या तिथे, अर्जाची तारीख दाखवून, दुरुस्ती मागा. जुनं कार्ड कुणी काढून घेऊ पाहिलं तर देऊ नका, ते नसेल तर दाखल्याचा प्रवासाला उपयोग नाही. मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच्या माणसाने असा कागद क्वचितच पाहिलेला असतो, त्यामुळे पासपोर्ट, जुनं कार्ड आणि दाखल्याचं तिसरं पान एकत्र काढून दाखवा आणि काउंटरवर लवकर पोचा. आई-वडिलांच्या आजारपणात किंवा घरच्या लग्नात माणसाला जाता येणार की नाही, हे एका चौकोनातल्या खुणेवर ठरावं याचा मला मनापासून राग येतो.

इतका राग असूनही कार्ड चांगलं का म्हणते? नोव्हेंबर 2023 च्या बदलानंतर ते वापरायला खरोखर सोपं झालंय. नोकरी बदलायची तर पहिल्या 12 महिन्यांत फक्त कार्यालयाला कळवावं लागतं. ते बदल 30 दिवस रोखून तपासू शकतात. वर्षानंतर असं रोखता येत नाही. जोडीदाराला जर्मन भाषेची परीक्षा देऊन यावं लागत नाही आणि आल्यापासून नोकरी करता येते. साध्या परवान्यावर 6 महिने देशाबाहेर राहिलं तर तो जातो, ब्ल्यू कार्डावर 12 महिन्यांपर्यंत मुभा आहे.

आणि कायमचा परवाना. बी1 म्हणजे मध्यम पातळीची जर्मन भाषा येत असेल तर 21 महिन्यांत, नुसतं ए1 म्हणजे अगदी प्राथमिक येत असेल तर 27 महिन्यांत. सुरुवातीला मला हा फरक किरकोळ वाटला होता. नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहिल्यावर वाटत नाही, कारण कायमच्या परवान्याला मुदतवाढच नसते. पासपोर्ट बदलला की फक्त 67 युरोचं नवं कार्ड. महिने मोजताना राष्ट्रीय व्हिसावर केलेल्या नोकरीचे महिनेही धरले जातात. म्हणजे घड्याळ कार्ड हातात आल्यापासून सुरू होत नाही, व्हिसावर येऊन कामाला लागलात तेव्हाच ते सुरू होतं. निवृत्तिवेतन विम्याचा उतारा फुकट मिळतो, तो मागवून त्यातले महिने स्वतः मोजा. 'लेबेन इन डॉइचलांड' या जर्मनीतल्या जीवनाविषयीच्या परीक्षेचे 25 युरो, 33 प्रश्न, आणि या परवान्यासाठी 15 बरोबर आले तरी पुरे. घर प्रौढ माणशी 12 चौरस मीटर तरी हवं. परवान्याचं शुल्क 113 युरो. मुदतवाढीचे 93 भरायच्या आधी बघा की 21 महिने भरायला किती उरलेत. महिना-दोन महिन्यांचाच प्रश्न असेल तर मुदतवाढीच्या अर्जातच कळवा की महिने भरताच कायमच्या परवान्याचा अर्ज करणार आहे, आणि तो अर्ज त्या दिवशी टाका.

ज्यांच्या अर्जाला उत्तरच येत नाही त्यांच्यासाठी: पूर्ण अर्ज देऊन 3 महिने उलटले आणि निर्णय नाही, तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईचा दावा लावता येतो. पहिल्या पायरीवर वकिलाची सक्ती नाही. न्यायालयाचं शुल्क साधारण 500 युरो भरावं लागतं, पण दिरंगाईला सबळ कारण नसेल तर खर्च कार्यालयावर पडतो. त्याआधी फाईल क्रमांक, अर्जाची तारीख आणि जोडलेल्या कागदांची यादी लिहून दोन आठवड्यांची मुदत देणारं पत्र पाठवा, ईमेलने नको, नोंदणीकृत टपालाने. पावती ठेवा, दाव्याला तीच जोडायची असते.