आधी थ्युसिडिडीस की झेनोफन?

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं पेलोपोनेशियन युद्ध आणि त्यानंतरचा ग्रीस त्या काळच्या माणसांकडूनच वाचायचा ठरवलं, की गाडी या दोन इतिहासकारांपाशी अडते. दोघेही अथेन्सचे, दोघांनीही फौजा हाताळलेल्या, दोघांच्याही वाट्याला हद्दपारी आलेली. थ्युसिडिडीसचा ग्रंथ इ.स.पू. 411 च्या घडामोडींत मध्येच तुटतो आणि झेनोफनचा ‘हेलेनिका’ साधारण तिथूनच पुढे जातो. त्यामुळे आज ना उद्या दोन्ही वाचावे लागतीलच.

वाचायला सोपा झेनोफन, यात वाद नाही. त्याचा ‘अनाबासिस’ मी रेल्वेच्या गर्दीतही वाचला. धाकटा सायरस या इराणी राजपुत्राच्या नोकरीत गेलेले दहा हजारांच्या आसपास ग्रीक, इ.स.पू. 401 मध्ये कुनाक्साच्या लढाईत सायरसच मारला गेल्यावर परक्या मुलखात अडकतात आणि बर्फ तुडवत काळ्या समुद्राकडे निघतात. समुद्र दिसल्यावरचा आरडाओरडा प्रसिद्धच आहे. मला मात्र त्यानंतरचा विषारी मध जास्त आवडतो. तो खाऊन धडधाकट शिपाई दारू प्यायल्यासारखे जमिनीवर लोळतात आणि तीन-चार दिवसांनी उठून बसतात.

थ्युसिडिडीसला टेबल लागतं, शेजारी नकाशा लागतो. घटना उन्हाळा-हिवाळ्याच्या हिशोबाने चालतात आणि लांबलचक भाषणांत काही वाक्यं दोनदा वाचूनही हाती लागत नाहीत. बऱ्याच जणांची गाडी इथेच पंक्चर होते, आणि त्यांना दोष देता येत नाही.

तरीही माझा कौल फिरला तो ‘हेलेनिका’तल्या ल्युक्ट्राच्या लढाईमुळे. इ.स.पू. 371 मध्ये थीब्सने स्पार्टाची फौज मोडली ती थीब्सचा सेनापती एपामिनोन्डस याच्या डोक्यामुळे. पण झेनोफनच्या वर्णनात त्याचं नावच नाही! मला ते पुढच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क वाचताना लक्षात आलं. ‘हेलेनिका’त अथेन्सने स्पार्टाविरुद्ध उभारलेला दुसरा संघ नाही, स्पार्टाला झोंबलेली मेसिनी शहराची स्थापनाही नाही. स्पार्टाने झेनोफनला ऑलिंपियाजवळ जमीन दिलेली, तिथला राजा अजेसिलॉसशी दोस्ती, म्हणून हे घडलं असावं असा माझा समज. त्याच्या बाजूने एवढं म्हणायला हवं, की मँटिनियाजवळच्या लढाईत त्याचा स्वतःचा मुलगा पडला, तेव्हाही त्याने ‘चांगली माणसं गेली’ एवढंच लिहिलं. शिवाय एपामिनोन्डसला शेवटी शेवटी तो मोकळेपणाने दाद देतो. पण एकदा संशय शिरला की प्रत्येक पानावर ‘इथे काय गाळलं असेल?’ हा भुंगा लागतो, आणि तो मला लागला.

थ्युसिडिडीसही गाळतो, त्याचेही राग-लोभ आहेत. अथेन्सचा पुढारी क्लिऑन याच्याबद्दल तो कधी बरं बोलत नाही. पण स्वतःचा हिशोब बघा. इ.स.पू. 424 मध्ये तो सेनापती असताना अॅम्फिपोलिस हे शहर अथेन्सच्या हातून गेलं. तो सात जहाजं घेऊन थॅसॉसहून धावला, पण तोवर शहर स्पार्टाचा सेनापती ब्रासिडस याच्या ताब्यात, हाती लागलं फक्त जवळचं ईऑन. हे तो मोजक्या ओळींत सांगतो, सबब देत नाही, उलट ब्रासिडसचं कौतुक करतो. वीस वर्षांच्या हद्दपारीचा उल्लेखसुद्धा दुसरीकडे, कामापुरता. दोन्ही बाजूंची माहिती मिळवायला तिचा उपयोग झाला म्हणून.

तेव्हा सवड असेल तर थ्युसिडिडीसपासूनच सुरुवात करा. पहिला भाग जड वाटला तर सरळ दुसऱ्या भागातली अथेन्समधली रोगाची साथ काढा; त्याला स्वतःला ती झाली होती. आणि आवृत्ती नकाशे असलेलीच घ्या.