एकेकाला प्रशिक्षणाला पाठवायचं की आधी टीमची घडी बसवायची?

सरकारी कार्यालयात शाखा सांभाळणाऱ्यापुढे हा पेच कधी ना कधी येतोच. दिवस थोडे, माणसं त्याहून थोडी. ती एकेक करून प्रशिक्षणाला पाठवायची, की तेच दिवस एकमेकांचं काम एकमेकांना येईल अशी घडी बसवण्यात घालवायचे? दोन्ही हवं हे खरंच. पण प्रलंबित अर्जांची यादी समोर असताना आधी काय, हे ठरवावं लागतं. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

प्रशिक्षणाचं माप त्याच्या पदरात घातलंच पाहिजे. नियम बदलला, नवी संगणक प्रणाली आली किंवा लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, तर नुसतं एकत्र बसून भागत नाही. कोणालाच माहीत नसेल तर सगळ्यांचा मिळून एक अंदाजच तयार होतो, आणि ‘आपल्याकडे असंच करतात’ म्हणत तीच चूक टेबलामागून टेबल पुढे जाते. नीट शिकून आलेला माणूस अशी टिपणी पाहताक्षणी थांबवतो.

अडचण त्यानंतरची आहे. प्रशिक्षणाचं मूल्यमापन करण्यासाठी अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याला ते कसं वाटलं, तो काय शिकला, कामात काय बदललं आणि शेवटी परिणाम काय झाला. मी पाहिलेली बहुतेक प्रशिक्षणं पहिल्याच पायरीवर संपली. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरला, प्रमाणपत्र फाइलला लागलं. दोन महिन्यांनी टेबलावर काय बदललं, हे विचारायला कोणी आलं नाही.

माझ्यापुरता निकाल मात्र एका चिठ्ठीने लावला. आमच्या शाखेतल्या एक मॅडम नव्या प्रणालीचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि त्यांचं काम खरोखर झपाट्याने सुधारलं. मग त्या पंधरा दिवस रजेवर गेल्या. लॉगिन इतरांकडेही होतं. पण कुठल्या चौकटीत काय भरलं की अर्ज पुढे सरकतो, हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्या टेबलावर गठ्ठा वाढत गेला आणि वरच्या अर्जाला कोणीतरी चिठ्ठी टाचली: ‘मॅडम आल्यावर’. काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला हेच उत्तर मिळत होतं. एक वयस्क गृहस्थ त्या पंधरा दिवसांत तीनदा येऊन गेले. दोष मॅडमचा अजिबात नव्हता. त्या हुशार म्हणून दर वेळी त्यांचंच नाव मी पाठवत होतो. म्हणजे एक माणूस तयार झाला आणि शाखा होती तिथेच राहिली. बदली झाली असती तर तो एक माणूसही गेला असता.

पुढच्या वेळी दोघांना एकत्र पाठवलं आणि परतल्यावर पहिला आठवडा त्यांना इतरांच्या टेबलाशी बसवलं. सोमवारचा पहिला अर्धा तास सगळे एका स्क्रीनभोवती जमू लागलो. अडलेलं एकच प्रकरण घ्यायचं आणि कीबोर्ड ज्याला ते येत नाही त्याच्या हातात द्यायचा. सुरुवातीला संकोच झाला, विशेषतः जुन्या सहकाऱ्यांना. पण ‘मला हे येत नाही’ असं एकदा एका ज्येष्ठांनी सगळ्यांसमोर म्हटलं आणि वातावरण मोकळं झालं. आकडेवारी मी ठेवली नाही, पण ती चिठ्ठी परत दिसली नाही.

टीमची उणी बाजूही आहे. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमन यांचे दोरी ओढण्याचे प्रयोग 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याचा जोर तो एकटा ओढतो त्याच्या निम्म्याच्या आसपास भरला. कार्यालयातही ‘सगळ्यांचं काम’ म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक प्रकारच्या अर्जापुढे दोन नावं लिहून भिंतीवर लावली, एक मुख्य आणि एक पर्यायी. शिवाय कामाच्या मूल्यमापनाचा वार्षिक अहवाल प्रत्येकाचा वेगळा लिहिला जातो. दुसऱ्याला शिकवण्यात घालवलेला तास त्यात दिसत नाही. अधिकाऱ्याने तो मुद्दाम नोंदवला नाही, तर शिकवणारे हळूहळू हात आखडते घेतात.

माझा अनुभव एका शाखेचा आहे. तांत्रिक किंवा कायद्याच्या कामात कल वेगळा पडू शकेल. तरी लियांग, मोरलँड आणि आर्गोट या संशोधकांचा 1995 चा प्रयोग मला जवळचा वाटतो. रेडिओ जोडण्याचं काम काहींना एकेकटं शिकवलं, काहींना गटात. पुढे गटाने जोडायची वेळ आली तेव्हा एकत्र शिकलेल्यांच्या चुका कमी झाल्या, कारण कोणाला काय येतं हे त्यांना माहीत होतं.

तुमच्याकडे विषयच नवा असेल, तर प्रशिक्षण आधी घ्या, पण नाव एकाचं पाठवू नका, दोघांचं पाठवा. आणि काम कोणालातरी येतंय, फक्त तो माणूस जागेवर नसला की अडतंय, अशी स्थिती असेल, तर या वेळी प्रशिक्षणाची यादी बाजूला ठेवून सोमवारचा अर्धा तास सुरू करा, असंच मी सांगेन.